सुंगटांचा पहिला घास

"मग या कोळंबीबरोबर वाइन कुठली?"

परागने पुन्हा विचारलं. म्हातारा भिवा तांडेल निखाऱ्यांवर फुंकर घालत राहिला.

पराग निकुंभ हा नाशिकच्या एका बड्या हॉटेलातला मुख्य आचारी. डोळे बांधून एका घोटात द्राक्षाचा मळा ओळखायचा, आणि समोरच्याला हे सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. नोकरी सोडून त्याने स्वतःचं हॉटेल काढायचं ठरवलं होतं. सगळी भिस्त जिभेवर. म्हणून तर भिवाची झणझणीत भाजलेली कोळंबी, म्हणजे मालवणी सुंगटां, शिकायला तो मालवणच्या किनाऱ्यावर आला होता.

ऊन कलत होतं. मिरची, लसूण, कोकम चोळलेली कोळंबी जाळीवर तडतडत होती.

भिवाने केळीची पानं मांडली. माणसं दोन, पानं तीन.

"हे तिसरं कोणाचं?"

"रघ्याचा. माझो धाकटो भाव. होडी घेऊन गेलो, तो परत इलोच नाय... सुंगटांचो पयलो घास तेचो. वाइन खंयची ता तेकाच इचार."

पराग हसला. त्याने बाटल्या ओळीने ठेवल्या. पांढरी, लाल, आणि एक गुलाबी. गुलाबीला तो नाक मुरडायचा. ती हौशी लोकांची, म्हणे.

"चाखल्याशिवाय मी कुणाला वाढत नाही, आजोबा."

असं म्हणून त्याने जाळीवरची पहिली कोळंबी उचलून तोंडात टाकली.

भिवाचा हात थांबला.

"उष्टां केलंस..."

पराग चावत होता. मग चावायचा थांबला.

तिखट नाही. लसूण नाही. ओला कापूस चघळावा तसं काहीतरी.

त्याने पांढरीचा घोट घेतला. पाणी. लालचा घेतला. पाणी. चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. ते नुसतं रेतीसारखं लागलं.

एवढा घाबरलेला तो कधीच नव्हता.

"आजोबा, माझी जीभ... माझ्याकडे दुसरं काहीच नाही हो!"

भिवाने रिकाम्या पानाकडे बोट केलं.

"तेका वाढ."

परागने पानावर कोळंबी वाढली. वारा पूर्ण पडला होता, तरी पानाचं टोक हललं.

"वाइन... कुठली देऊ?"

या वेळी त्याने भिवाला विचारलं नव्हतं.



मग परागचा हात आपसूक गुलाबी बाटलीकडे गेला. ग्लास भरला. तोच हात ग्लास ओठांशी घेऊन आला. दुसऱ्या हाताने रघ्याच्या पानावरची कोळंबी उचलली. पराग आपल्याच हातांकडे बघत होता.

तो चावू लागला. डोळे मिटले. आणि जन्मात कधी न बोललेल्या बोलीत त्याचं तोंड म्हणालं,

"सुंगटांक मीठ कमी पडला, दादा."

भिवाच्या हातातला चिमटा खाली पडला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली. त्याने ती पुसली नाही.

मिठाची वाटी त्याने पुढे सरकवली.

"सावकाश जेव, रघ्या... पावण्याची जीभ परत देवची आसा."