डेट्रॉइटची तबकडी

“म्हणजे ती तुमच्याकडे आहे?”

“आहे म्हटलं ना.”

“नक्की तीच? निळं वेष्टन, वर पावाचं चित्र?”

“निळं आहे. पाव आहे.” अंबूमाईंनी आणखी एक शेंग फोडली आणि दाणे सुपात टाकले. “बस आधी. उभ्यानं काय विचारतोस?”

जयदीप तुंगारे बसला. पण बसला तोही निघायच्या तयारीनं बसावं तसा, ओसरीच्या अगदी कडेला.

पन्नाशीला टेकलेला हा माणूस पुण्यात आर्किटेक्ट होता. नाव होतं, काम होतं, आणि घरात एक अख्खी खोली ग्रामोफोनच्या तबकड्यांनी भरलेली होती. त्या तबकड्याही साध्यासुध्या नव्हेत. सत्तरच्या दशकात अमेरिकेत काही कृष्णवर्णीय वादकांनी जॅझला प्रार्थनेच्या वाटेला लावलं. एकेक रचना तबकडीची अख्खी बाजू खाऊन टाकायची. मोठ्या कंपन्या त्यांना दारात उभं करीनात. मग त्यांनी आपापल्या चिमुकल्या कंपन्या काढल्या. चर्चच्या तळघरात वाजवायचं, वेष्टनं घरच्या टेबलावर हातानं छापायची, कार्यक्रम संपला की दारात उभं राहून विकायची. बहुतेक कंपन्या दोन-चार वर्षांत मिटल्या. तबकड्या जगभर पांगल्या.

त्या पांगलेल्या तबकड्या शोधून आणणं, हे जयदीपचं वेड. लंडनचे, ओसाकाचे संग्राहक त्याला नावानं ओळखत, आणि ते त्याला मनातून फार आवडे.

डेट्रॉइटच्या ‘ऑलिव्ह लँटर्न’ कंपनीचं सगळं त्याच्याकडे होतं. एक सोडून. ‘ब्रेड अँड सायलेन्स’. तिचा फोटो मात्र त्यानं पाहिला होता. मागच्या बाजूला वादकांच्या नावांखाली, अगदी शेवटी, छापलेलं होतं : अंबिका होनावर, तंबोरा.

धारवाडच्या एका गायकाकडून पत्ता लागला. अंबिका होनावर आता वाईच्या अलीकडे, कृष्णेकाठच्या एका मठात राहत होत्या. मठ म्हणजे काय, एक समाधी, एक ओसरी, दोन खोल्या. लोक त्यांना अंबूमाई म्हणत. कुणी काही विचारायला येई. बरेच जण न विचारताच परत जात आणि पुन्हा येत.

जयदीप मात्र विचारायलाच आला होता.

“माई, तुम्हाला कल्पना नसेल, ती किती दुर्मीळ आहे. पहिल्या छपाईत दुसऱ्या बाजूचं लेबल उलटं चिकटलंय. तसल्या प्रती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. वेष्टनाचा कागदसुद्धा साधा नव्हता, पिठाच्या पोत्यांचा...”

“हो का?”

“सॅक्सोफोन एलायजाचा. त्यानंतर तो कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही.”

“एलायजा...” माई हसल्या. “त्याला मुगाची खिचडी आवडायची. वर तूप मागून घ्यायचा.”



“तुम्ही तिथे पोचलात कशा?” त्यानं विचारलं.

“गुरूंच्या मागे तंबोऱ्याला बसायला गेले होते. ते गायला येईपर्यंत तंबोरा वाजता ठेवायचा, एवढंच काम. दौरा संपला, ते परतले. मी राहिले.”

“का?”

“तिथेही कुणीतरी तंबोऱ्याला बसायला हवंच होतं.”

बाहेर चैत्राचं ऊन रणरणत होतं. जयदीपचा उजवा पाय हलत होता. त्यानं फोन काढून बघितला, ठेवला, पुन्हा काढला.

“माई, मोकळं सांगतो. ओसाकाच्या एकालाही तुमचा पत्ता लागलाय. आज ना उद्या तो येईल. म्हणून मी धावत आलो. तबकडी त्याच्याकडे गेली तर कपाटात बंद पडेल.”

“आणि तुझ्याकडे?”

“माझ्याकडे... माझ्याकडे तिची किंमत आहे. कदर आहे.”

माईंनी मान हलवली. “ऐकायला कशी आहे रे?”

“कोण?”

“तबकडी.”

“हे तुम्ही मला विचारता? तुम्ही स्वतः तिच्यात आहात!”

“माझ्याकडे यंत्र कुठाय? मी कधी ऐकलीच नाही.”

“इतक्या वर्षांत एकदाही नाही?”

“वाजवताना ऐकलं होतं की.”

जयदीप त्यांच्याकडे बघतच राहिला. चेष्टा करताहेत म्हणावं, तर चेहरा तसा दिसत नव्हता. त्या शेंगाच फोडत होत्या.

“बरं, तुझ्याकडे बाकीच्या आहेत, त्या कशा आहेत? काल कुठली ऐकलीस?”

“काल नाही जमलं.”

“परवा?”

जयदीपचा पाय जोरात हलू लागला.

“कामं असतात, माई. सध्या ऐकणं होत नाही.”

“सध्या म्हणजे?”



सुपात दाणे पडत राहिले.

“दिवाळीपासून,” तो म्हणाला.

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला, वसुधालाही नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री कानात शिट्टी सुरू झाली. फटाक्यांमुळे असेल, असं त्याला वाटलं. फटाके संपले, शिट्टी संपली नाही. डॉक्टर म्हणाले, नस आहे, वय आहे, औषध नाही, सवय करून घ्या. सवय कसली होते? तबकडी लावली की सॅक्सोफोनच्या प्रत्येक चढत्या सुराला ती शिट्टी आडवी येई. तो सुई उचलून ठेवी. मग त्यानं सुई ठेवणंच सोडलं.

आणि त्याच महिन्यांत त्यानं पूर्वी कधी घेतल्या नव्हत्या इतक्या तबकड्या घेतल्या. खोकी येत राहिली. वसुधा म्हणे, “लाव की नवीन आलेली.” तो म्हणे, “नंतर.” खोकी तशीच भिंतीला लावून ठेवलेली.

हे सगळं त्यानं अडखळत सांगितलं. सांगताना त्याला स्वतःचाच राग येत होता. आलो कशासाठी, बोलतोय काय...

माईंनी सूप बाजूला सारलं.

“कुठला सूर आहे?”

“काय?”

“कानात वाजतो तो. कुठला?”

“सूर कसला, माई! कुकरची शिट्टी झाली आणि ती थांबलीच नाही, असं समजा.”

“शिट्टीलाही सूर असतो. गुणगुणून दाखव.”

“फार वर आहे. गळा पोचायचा नाही.”

“मग खाली उतरव. माडीवरचा माणूस कधी ना कधी जिना उतरतोच की.”

गेले कित्येक महिने जयदीप त्या आवाजापासून पळत होता. रात्री पंखा लावून, दिवसा फोनवर बोलत राहून, गाडीत बातम्या मोठ्यानं लावून. त्याच्याकडे मुद्दाम कान द्यायचा, हे त्याच्या मनातही कधी आलं नव्हतं. जखमेवरची पट्टी काढून आत बघावं, तसं वाटलं त्याला.

त्यानं डोळे मिटले. ऐकलं. मग अगदी दबक्या आवाजात, सप्तकं उतरत उतरत, एक सूर धरला.

माई उठल्या. खुंटीवरचा तंबोरा काढून गवसणी उतरवली, भिंतीला टेकून बसल्या, आणि खुंटी पिळू लागल्या.

“हा?”

“थोडा वर.”

“हा?”

“नाही... हां. हा. हाच.”

जोडीच्या तारा लागल्या, खर्ज लागला, पंचम लागला. माईंनी तारांतले मणी किंचित सरकवले, आणि वाजवायला लागल्या.

सुरुवातीला त्याला दोन्ही ऐकू येत होतं. इकडे तंबोरा, तिकडे शिट्टी. मग तारांमधून वरचे बारीक सूर झरू लागले, आणि त्यांत त्याची शिट्टी त्याला सापडेना. जीभ जशी पडलेल्या दाताची जागा चाचपते, तसा तो कानानं चाचपत राहिला. नव्हती. डावीकडे नव्हती, उजवीकडे नव्हती.

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. तो आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला. त्याचा पाय थांबला होता, आणि त्याचं त्याला भानही नव्हतं.

माईंनी हात काढला.

शिट्टी तत्क्षणी परत आली.

“थांबवू नका!” जयदीप जवळजवळ ओरडलाच.

“आला?”

“आला.”

“गेला कुठे होता?”

त्यानं घाईघाईनं फोन काढला.

“माई, मी हे टिपून घेतो. पाच मिनिटं वाजवा फक्त. म्हणजे तुम्हाला पुन्हा त्रास नको. मी घरी लावत जाईन.”

“घे.”

फोन त्यानं त्यांच्यासमोर ठेवला. बटण दाबलं. वाट बघितली.

माईंनी सूप पुढे ओढलं आणि शेंग फोडली.

“माई... सुरू झालंय.”

“हो का?”

आणखी एक शेंग फुटली. आणखी एक. जयदीपनं फोन उचलला आणि खिशात टाकला. कान रडक्या पोरासारखा वाजत होता.

मग माई आत गेल्या. बऱ्याच वेळानं जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या.

तीच होती. निळा रंग हातानं दाबून छापलेला, एका कोपऱ्यात जरा फिसकटलेला. पाव, आणि शेजारी रिकामा वाडगा. जयदीपनं ती दोन्ही हातांनी, कडेकडेनं, नुकत्या जन्मलेल्या बाळासारखी धरली.

“ने. तुझी.”

“पण... बदल्यात?”

“ने म्हटलं ना.”

इतकी वर्षं त्यानं या क्षणाची कल्पना केली होती. अंगावर काटा येईल, घसा दाटून येईल, असं काहीबाही. त्यानं वाट बघितली. काही झालं नाही. तबकडी हातात होती आणि कानात शिट्टी वाजत होती. ओसाकाच्या माणसाला कळवायचं सुख आठवून बघितलं. तेही फिकं निघालं.

त्यानं मान वर केली, तर माई तंबोरा उचलून त्याच्यापुढे धरून उभ्या होत्या.

“घे.”

त्याचे दोन्ही हात गुंतलेले. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. टेबल नाही, कपाट नाही, चटईसुद्धा नाही. तबकडी जमिनीवर ठेवायची नसते. घरात एकदा पाहुण्यानं ठेवली, तेव्हा जयदीप त्याच्याशी महिनाभर बोलला नव्हता.

“माई, एक मिनिट...”

“घे ना रे. जड आहे.”

त्यांचे दंड थरथरत होते. भोपळा हळूहळू खाली येत होता. तरी त्या तंबोरा मागे घेईनात.

जयदीपनं ‘ब्रेड अँड सायलेन्स’ शेंगांच्या फोलपटांत ठेवली आणि तंबोरा घेतला.

माईंनी त्याचा हात तारांवर आणला. “पहिली तार मधल्या बोटानं. पुढच्या तिन्ही पहिल्या बोटानं. ओढू नकोस. नुसतं सोडत जा.”

त्यानं सोडल्या. एक तार कुरकुरली, दुसरी मुकी राहिली.

“कुणी मागे लागलंय का तुझ्या?”

“नाही.”

“मग?”

त्यानं पुन्हा सुरू केलं. सावकाश. पुन्हा चुकलं. पुन्हा. बऱ्याच वेळानं चारही तारा एकामागून एक बोलल्या, आणि पहिलीचा आवाज विरायच्या आत पुन्हा पहिली आली. शिट्टी त्यांच्यात उतरली.

माईंनी सोललेले दाणे उचलले आणि त्या आत गेल्या. चूल पेटल्याचा वास आला.

जयदीप वाजवत राहिला.

बाहेर ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला. खिशातला फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. बोटाचं टोक हुळहुळायला लागलं. उठावं, असं त्याच्या फार मनात आलं. हवं ते मिळालं आहे, गाडी दारात आहे, संध्याकाळपर्यंत पुण्यात. पण हात काढला की काय होणार, हेही ठाऊक होतं.

तेवढ्यात त्याचं लक्ष खाली गेलं. ऊन ओसरीवर चढलं होतं. फोलपटांवरून सरकत ते तबकडीच्या कडेला येऊन टेकलं होतं. चैत्राचं ऊन. घटकाभर राहिलं तर तबकडी पापडासारखी वाकडी होईल.

“माई!” वाजवता वाजवताच त्यानं हाक मारली. “तबकडीवर ऊन येतंय!”

आत कढईत दाण्यांवर उलथणं फिरत होतं. उत्तर आलं नाही.

तंबोरा ठेवून तबकडी उचलायची, किती वेळ लागतो? त्यानं हात काढायचं ठरवलं. हात निघेना. पुन्हा ठरवलं. घामानं कपाळ भिजलं. ऊन निळ्या रंगावर बोटभर पुढे आलं.

मग तो तसाच, बूड घासत, तंबोरा छातीशी धरून, उन्हाच्या आड सरकला. त्याची सावली तबकडीवर पडली. पाठ भाजू लागली. या सगळ्यात एक तार तेवढी चुकली.

“माई,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. “किती वेळ वाजवू?”

आतून उलथण्याचा आवाज थांबला.

“गाणारा येईपर्यंत.”