हरिणी आणि न धावणारे पाडस

मुलांनो, सागाच्या एका जंगलात एक हरिणी राहत असे, आणि ती आपल्या पाडसाला दिवसातून दहा वेळा आळशी म्हणत असे. म्हणणार नाही तर काय! बरोबरीची पाडसे टणाटण उड्या मारीत, आणि हे आपले चार पावले पळाले की मटकन खाली बसे. पोटभर दूध पिई, कोवळे गवत खाई, तरी काही अंगी लागत नसे. उन्हाळा तोंडावर आला होता. पाणवठा आटला की कळप दूरच्या नदीकडे निघे, आणि मागे पडलेल्यासाठी कोणी थांबत नसे, अशी हरणांची रीत होती. म्हणून हरिणी रोज सकाळी ढुशा देऊन पाडसाला पळवी. "ऊठ रे! सगळा बापावर गेला आहेस," असे म्हणे.

पाणवठ्यावरचे म्हातारे कासव हे रोज पाही. एकदा त्याला राहवले नाही. "बाई, नको पळवूस त्याला," ते म्हणाले. "आपल्या शरीरातल्या पेशींत इवल्याशा तंतुकणिका असतात. अन्न आणि श्वास यांतून त्या बळ तयार करतात. माझ्या आता वयाने थकल्या. याच्या जन्मापासूनच अधू आहेत. मग खाल्लेल्याचे बळ होणार कसे?"

"म्हणजे बापाचाच दोष ना?" हरिणीने विचारले.

"नाही गं. त्या आईकडून येतात. तुझ्यात थोड्या अधू होत्या, याच्या वाट्याला जास्त आल्या. तुला त्या तुझ्या आईने दिल्या, तिला तिच्या आईने. दोष कोणाचाच नाही."

"मग यावर औषध?"

"औषध नाही गं. त्याला दमवू नकोस, एवढेच," कासव म्हणाले.

आठ दिवसांत पाणी आटले आणि कळप निघाला. पाडस अर्ध्या वाटेपर्यंत कसे आले, कोण जाणे. तिथे एका पळसाखाली ते बसले. हरिणीने या वेळी ढुशी दिली नाही. ती त्याला चाटू लागली.

"आई, मी आळशी नाही गं," ते म्हणाले.

"नाहीस रे माझ्या राजा, नाहीस," हरिणी म्हणाली. हे म्हणायला तिला फार उशीर झाला होता, आणि ते तिला कळत होते. कळपाची धूळ दिसेनाशी झाली. पाडसाचा श्वास थांबला, तरी ती त्याला चाटतच राहिली.

तात्पर्य : ज्याच्या अंगात बळच तयार होत नाही त्याला आळशी म्हणू नये. दुखणे बरे करणे पुष्कळदा कोणाच्याच हाती नसते, पण टोचून बोललेले शब्द आपले असतात आणि ते मागे घेता येत नाहीत.