पिवळी माती की निळा चुना?

फार फार वर्षांमागे, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक कोष्टीण राहत होती. नवरा कधीच वारलेला, एकुलती एक लेक दूर दिलेली. ती लेक आता पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती.

कोष्टिणीच्या जिवाला घोर लागला. लेक सुखरूप सुटेल ना? बाळ धडधाकट असेल ना? याचं उत्तर कोण देणार? मग तिने सारा जीव बाळंतिणीच्या खोलीत ओतला. भिंतींना पिवळी माती द्यावी, की चुन्यात नीळ कालवून द्यावी?

तिने भिंतीवर एक पिवळा पट्टा ओढला, शेजारी एक निळा. सकाळी पिवळा आवडे. दुपारी वाटे, याने बाळाला कावीळ तर होणार नाही? निळा बरा म्हणावा, तर सांजेला तोच ओकाबोका दिसे. शेजारणींना विचारलं, तर एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला. कोष्टिणीला घास गोड लागेना.

अशात लेकीच्या सासरचा गाडीवान आला. "मावशी, ताईंनी वाटेची धास्ती घेतलीय. म्हणाल्या, आईला सोबतीला घेऊन ये."

"अरे, रंगाचं अजून ठरलं नाही! तूच आण तिला जपून."

"त्या फार घाबरल्यात हो."

"म्हणून तर खोली नीट करतेय ना!"

गाडीवान एकटाच परतला. कोष्टिणीने निळा दिला, खरवडला, पिवळा दिला. गाडीची वेळ टळून गेली, तशी ती दारातून अंगणात येरझाऱ्या घालू लागली. शेवटी गाडीवानच धावत आला. ओढ्यात गाडी आदळली, कळा सुरू झाल्या, लेकीला जवळच्या धनगरवाड्यावर नेलं होतं.

कोष्टीण धापा टाकत पोचली. नात जन्मली होती, मूठभर, पण जिवंत. लेक पांढरीफटक पडली होती. तिने एका धनगर म्हातारीचा हात घट्ट धरला होता.

"आई, मी तुलाच हाका मारत होते गं," लेक म्हणाली. "ओ मात्र या आजींनी दिली."

लेकीला हलवण्यासारखं नव्हतं. बाळंतिणीचे पुढचे दिवसही म्हातारीच्या झोपडीतच गेले. नातीला पहिलं न्हाऊ त्या म्हातारीनेच घातलं. कोष्टीण पाणी तापवत राहिली.

तात्पर्य एवढंच: ज्याच्यासाठी जीव टाकतो, त्याची हाक आधी ऐकावी.