चिवट्याचं खानदानी जनुक

फार पूर्वी, म्हणजे दिगंबररावांचं नवंनवं लग्न झालं तेव्हा, त्यांच्या बायकोच्या, शेवंताच्या, गर्भाशयाच्या तोंडाशी चिवट्या नावाचा जंतू मुक्कामाला आला. आला तो दिगंबररावांकडूनच, पण अशा गोष्टींची चर्चा घरंदाज लोक करत नाहीत.

शेवंताच्या शरीराने लगेच त्याचं अन्नपाणी तोडलं. चिवट्या नुसता हसला. त्याच्याकडे वाडवडिलांचं एक जनुक होतं. शेजारचे जंतू जो कचरा टाकत, त्यातूनच ते त्याचं जेवण बनवून देई. "याला खानदान लागतं," असं तो मिशा नसताना मिशांना पीळ देत सांगे. इकडे शेवंताचं ओटीपोट ठणकायचं.

शेवटी डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या आणि दोघांनीही घ्यायच्या म्हणून बजावलं. शेवंताने घेतल्या. या गोळ्यांपुढे खानदानी जनुकाचं काही चालेना. चिवट्या अखेरच्या घटका मोजत असताना बाहेरून दिगंबररावांचा आवाज आला, "दुखतंय तुला, मग गोळ्या मी का खाऊ? मी काय बाई आहे?"

चिवट्याने समाधानाने प्राण सोडला.

थोड्याच दिवसांत दिगंबररावांकडून चिवट्याचा पुतण्या त्याच जागी राहायला आला. "पुन्हा तेच जनुक का रे?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"आहे ना. पण ते फक्त जेवणाचं बघतं," पुतण्या नम्रपणे म्हणाला. "आम्हाला इथवर आणून सोडायचं काम..."

तेवढ्यात बाहेर दिगंबरराव डॉक्टरबाईंवर खेकसले, "हिच्यातच खोट आहे."

"जरा हळू बोला," पुतण्या शेजाऱ्यांना म्हणाला, "आमचे आश्रयदाते बोलतायत."