तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

"बाबा, नवस मोडला तर पाप कुणाच्या माथी?"

दीनकने विचारलं तेव्हा तिची नजर अग्नीवर होती. म्हातारे मोबेद, म्हणजे जुन्या इराणातल्या त्या अग्निमंदिराचे पुजारी, चंदनाची ढलपी वाहत होते. श्वासाने अग्नी विटाळू नये म्हणून त्यांनी तोंडावर पांढरी पट्टी बांधली होती.

"कसला नवस, पोरी?"

थंडीत वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा ती इथेच हात जोडून बोलली होती... त्यांना नवरोजचा, नव्या वर्षाचा पहिला दिवस दिसू दे, मग त्यांचा कुठलाच शब्द मी खाली पडू देणार नाही.

अग्नीने ऐकलं. नवरोज उजाडला. त्याच दिवशी वडिलांनी तिचा हात तिच्या सख्ख्या भावाच्या, आदुरमाहच्या हातात दिला. नवरा म्हणून. आणि डोळे मिटले.

"रक्त घरातल्या घरात राहावं, याहून मोठं पुण्य नाही," शेजारी उभा असलेला आदुरमाह म्हणाला. मोबेदांचा हा सगळ्यांत हुशार शिष्य. "तुम्हीच शिकवलंत, आचार्य. अक्षरन् अक्षर पाठ आहे मला."

"पाठ काय, पोपटही करतो रे."

मोबेद दीनककडे वळले. "लग्नाआधी मुलीला तीनदा विचारायची रीत आहे. दीनक, तुझी संमती आहे?"

"आहे," आदुरमाह म्हणाला. "लाजतेय ती."

"दीनक, आहे का?"

"अहो, नवस केलाय तिने! दुसरं काय म्हणणार?"

मोबेद अग्नीपासून चार पावलं दूर झाले. तोंडावरची पट्टी त्यांनी सोडली आणि शिष्याच्या तोंडावर करकचून बांधली.

"दीनक?"

...

अग्नीत लाकूड तडकलं.

"नाही," ती शेवटी म्हणाली. "हा माझा दादा आहे. मी याला दादाच म्हणणार."

आदुरमाहने पट्टी ओरबाडून काढली. "मेलेल्या बापाचा शब्द मोडलास! आणि आचार्य, तुमच्या घरी हेच पुण्य नांदतंय ना? तुमची बायको तुमची सख्खी बहीणच ना?"

"होय."

"मग?"

"तिलाही तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा उत्तर मी दिलं..."

मोबेदांनी दाराबाहेर, आपल्या घराच्या दिशेने पाहिलं.

"चाळीस वर्षं झाली. वेळेवर जेवायला वाढते. आजारपणात उशाशी बसते. हाक मात्र मारत नाही. ना दादा म्हणून, ना नवरा म्हणून."

आदुरमाहने मान खाली घातली. बहिणीकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही.

दीनकने ओढणीने डोळे पुसले. "माझ्या नवसाचं काय, बाबा? प्रायश्चित्त सांगा."

मोबेदांनी शिष्याच्या हातातली पट्टी परत घेतली.

"जाताना वाटेत माझं घर लागतं. ती अंगणात धान्य निवडत बसली असेल. तिच्यासमोर उभी राहा आणि आत्ता जे म्हणालीस ते पुन्हा म्हण, पोरी. मग तिला सांग, आता तू म्हण."