सुदामचं व्हेरी इंग्रजी

एका गावात सुदाम नावाचा एक भोळा गडी होता. नुसता भोळा असता तर निभावलं असतं. पण तो आज्ञाधारकही होता, आणि हे दोन गुण एका माणसात आले की गावाला झोप लागत नाही.

सुदाम चौतीस वर्षांचा झाला तरी त्याचं लग्न जमेना. दहा मुलींनी त्याला नकार दिला होता. अकरावं स्थळ आलं तालुक्याच्या ढमाल्यांचं. ढमाले म्हणजे निवृत्त ग्रामसेवक. त्यांचा थोरला जावई पुण्यात कंपनीत होता, त्यामुळे त्यांनी निरोप धाडला, "शेती नसली तरी चालेल. पण मुलगा इंग्रजी बोलणारा पाहिजे."

सुदामचे वडील केरबा म्हणाले, "पोरा, आता हे हुकलं तर जन्मभर आपल्या दोघांच्या भाकरी मलाच थापाव्या लागतील. शिक इंग्रजी."

खताच्या दुकानावर वाघचौरे सरांचा इंग्रजीचा क्लास होता. सरांचं स्वतःचं इंग्रजी गावाच्या वेशीपर्यंत चालायचं, पुढे दमायचं. पण वेशीच्या आत त्यांना विचारणारं कोण होतं?

पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "क्रियापद म्हणजे बैल. बैल मोकळा सोडतात का? त्याच्यामागं गाडीवान लागतो. तो गाडीवान म्हणजे क्रियाविशेषण. 'ही वॉक्स' म्हटलं, तर कसा चालतो ते कळलं का? नाही. 'ही वॉक्स स्लोली' म्हणा. आता कळलं. काहीही करा, ते कसं करायचं हे आधी ठरवा. आणि शिकलेलं घरी वापरा, त्याशिवाय इंग्रजी अंगात मुरत नाही."

सुदाम स्लोली घरी निघाला. वाटेत भागीरथीकाकूंची कडब्याची गंजी पेटली होती.

"सुदाम, बादली घे! पळ!" काकू ओरडल्या.

सुदामनं बादली घेतली. विहिरीवर सावकाश गेला. सावकाश पाणी शेंदलं. एक थेंब न सांडता सावकाश परत आला.

"आरं मुडद्या, पळ की!"

"काकू, आज आमचं स्लोली चालू आहे."

गंजीची राख झाली. काकूंनी तीच बादली सुदामच्या पाठीत घातली. तो सरांकडे गेला.

सर म्हणाले, "गाढवा, चार लोक जमलेत, धावपळ चाललीय, अशा वेळी क्विकली!"

"क्विकली," सुदाम म्हणाला. त्यानं वहीत लिहून घेतलं.

दोन दिवसांनी गावातले म्हातारे नाना वारले. चार लोक काय, चारशे जमले. धावपळही होतीच. सुदामनं तिरडीला पुढून खांदा दिला, वही आठवली आणि तो सुसाट सुटला. तिरडीचा एक कोपरा पळाला की उरलेल्या तिघांना पळावंच लागतं. नाना हयातीत कधी इतक्या वेगानं कुठे गेले नव्हते. त्यांचा मुलगा आगीचं मडकं घेऊन मागून "थांबा, थांबा" करत आला, तोवर नाना स्मशानात पोचून अर्धा तास झाला होता.

नानांच्या भावकीनं सुदामला धुतला. सर म्हणाले, "अरे, माणसं घरात जमलीत, बायका गोळा झाल्यात, तिथं सॅडली वागायचं. टोपी काढायची. डोळे पुसायचे. धीराचे दोन शब्द बोलायचे."

"सॅडली," सुदाम म्हणाला.

पुढच्या गुरुवारी सरपंचांच्या नातवाचं बारसं होतं. माणसं घरात जमली होती. बायका गोळा झाल्या होत्या. सुदाम आत आला, त्यानं टोपी काढली, पाळण्यात वाकून पाहिलं आणि हुंदका दिला. मग तो बाळाच्या आईला म्हणाला, "झालं ते झालं, ताई. देवापुढं कुणाचं चालतं? आता धीरानं घ्या."

सरपंचांनी त्याला घुगऱ्यांसकट बाहेर काढलं.

आता सरांचा धीर सुटला. दुसऱ्याच दिवशी मुलगी बघायला जायचं होतं, आणि हमीदार म्हणून केरबानं सरांनाही बरोबर घेतलं होतं. सर म्हणाले, "सुदाम, क्रियापदाला हात लावू नकोस. बसून राहा. विशेषण तेवढं घे. 'गुड' म्हणजे मरतुकडं. 'व्हेरी गुड' म्हणजे तालमीतलं. समोरच्यानं काहीही म्हटलं, की पुढं व्हेरी लावायचं आणि गप्प बसायचं."

ढमाल्यांच्या बैठकीत सुदाम भिंतीला पाठ लावून बसला. त्यांची मुलगी रोहिणी पोह्यांच्या बशा घेऊन आली. सुदामनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले. इतकी आवडलेली गोष्ट त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती.

"मुलगा शांत दिसतो," ढमाले म्हणाले.

"व्हेरी शांत," सुदाम म्हणाला.

"कष्टाळू असेल?"

"व्हेरी कष्टाळू."

ढमाले खूश झाले. बोलण्यात इंग्रजी होतं, आणि समजतही होतं. थोरल्या जावयाचं तर काहीच समजत नसे.

आता आपल्याकडे रीत अशी, की पाहुण्यापुढे आपलं ते कमी करून सांगायचं, आणि पाहुण्यानं "छे छे" म्हणायचं. दोघांनाही खरं काय ते ठाऊक असतं. ही रीत वहीत नव्हती.

ढमाले नम्रपणे म्हणाले, "आमचं घर आपलं साधंच."

"व्हेरी साधं."

ढमालेबाई म्हणाल्या, "पोहे जरा कोरडे झालेत."

"व्हेरी कोरडे," सुदाम म्हणाला, आणि त्यानं पाणी मागितलं.

"रोहिणी जरा हट्टी आहे हं," ढमाले कसंबसं हसत म्हणाले.

"व्हेरी हट्टी."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"तुम्हीच म्हणालात."

ढमाल्यांनी बशी खाली ठेवली. "बरोबर आहे. आम्ही अडाणी माणसं."

"व्हेरी अडाणी," सुदाम म्हणाला.

केरबानं डोळे मिटले. सरांनी हात धुवायच्या निमित्तानं सुदामला ओढत मोरीवर नेलं. "अरे बैला! माणूस स्वतःला कमी म्हणाला की 'नॉट ॲट ऑल' म्हणायचं! हसून म्हणायचं, ठासून म्हणायचं! आता इथून निघेपर्यंत हेच. दुसरा शब्द काढलास तर जीभ उपटीन."

"हसून, ठासून," सुदाम म्हणाला.

दोघं परत येऊन बसले. ढमाले कडवटपणे म्हणाले, "आमचं साधं घर तुम्हाला आवडलेलं दिसत नाही."

"नॉट ॲट ऑल!" सुदाम हसून, ठासून म्हणाला.

सर घाईनं म्हणाले, "म्हणजे घर साधं मुळीच नाही, असं म्हणतोय. मघाशी थट्टा करत होता."

ढमाल्यांच्या कपाळावरची एक आठी गेली. "पोहे कोरडे होते ना?" बाईंनी विचारलं. "नॉट ॲट ऑल!" दुसरी आठी गेली. "आणि मी अडाणी?" "नॉट ॲट ऑल!" ढमाले खळखळून हसले. त्यांनी चहा मागवला. दारामागून रोहिणी आईला म्हणाली, "आधीची सगळी पोरं घोकून आल्यासारखी बोलत होती. हा निदान हसवतो तरी. मला चालेल."

केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला भाकरी थापणारे स्वतःचे हात सुटल्यासारखे वाटले. ढमाल्यांनी रोहिणीला बाहेर बोलावलं. ती सुदामसमोर मान वर करून उभी राहिली.

"आमच्या बाजूनं होकार आहे," ढमाले म्हणाले. "आता तुम्ही सांगा. मुलगी पसंत आहे ना?"

सुदामला इतका आनंद झाला, की छातीत मावेना. तो ताठ बसला. हसला. आणि ठासून म्हणाला, "नॉट ॲट ऑल!"

"आरं, पसंत हाय म्हण!" केरबा ओरडला.

सुदामनं सरांकडे पाहिलं. सर तोंड उघडून बसले होते, पण त्यातून काही येत नव्हतं. हुकूम बदलला नव्हता. त्यानं अजून मोठ्यानं हसून रोहिणीलाच सांगितलं, "नॉट ॲट ऑल!"

चहा आलाच नाही.

गावात मात्र ही बातमी वेगळ्याच रूपात पोचली. आजवर गावातल्या प्रत्येक पोराला मुलींनीच नाकारलं होतं. मुलीला नाकारून आलेला सुदाम पहिलाच, आणि तेही इंग्रजीतून! त्या आठवड्यात वाघचौरे सरांच्या क्लासला चौदा नवी पोरं आली. चौदाही बिनलग्नाची होती.