कातळादेवीच्या देवळाला दार का नाही

देवळाला दार नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. चौकट आहे, उंबरा आहे, दाराच्या खुंट्या जिथे फिरायच्या ती दगडातली भोकं आहेत, पण दार नाही. पावसात पाणी आत येतं. कुत्री येतात. एकदा एक रेडा येऊन देवीसमोर बसला होता, त्याला उठवता उठवता आमची दुपार गेली. दरवर्षी मुंबईचा कोणीतरी येतो आणि सागवानी दार करून देतो म्हणतो. त्याला आम्ही चहा पाजतो आणि वाटेला लावतो.

आणि तुम्ही नेमकं त्याच उंबऱ्यावर टेबल मांडलंत. ते आधी तिकडे आंब्याखाली न्या, मग बोलू. तुमचे फॉर्मही तिकडेच न्या. वादळात घराची कौलं उडालेला माणूस डोंगर चढून इथवर येतो आणि तुम्ही त्याला विचारता, आधार कार्ड आणलंय का. राग मानू नका असं मी म्हणणार नाही, मानायचा तर माना. तुमच्या संस्थेनं ब्लँकेटं आणली, बिस्किटं आणली, ट्रक इतक्या वर चढवला, हे सगळं मी पाहिलंय. तरीही या उंबऱ्यावर कोणालाही काहीही विचारायचं नाही, असा आमचा रिवाज आहे. मी भिकाजी गुरव. या देवीची पूजा आमच्या घराण्याकडे. हा रिवाज आमच्याच घराण्याच्या पापातून निघालाय, त्यामुळे तो मी नाही सांगायचा तर कोणी.

तर हे आमचं सडेगाव, वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या या सपाट कातळावर. खाली खाडीच्या तोंडाशी वाळूची पट्टी दिसते तो दांडा. तिथे गाबितांची वस्ती, मासेमारी करणारी माणसं. दांड्यावर भात पिकत नाही आणि सड्यावर मासा मिळत नाही, म्हणून दोन्हीकडच्यांचं येणंजाणं जुनं आहे. येणंजाणं म्हणजे प्रेम असं नव्हे, गरज.

त्या काळी देवळामागे देवीचं कोठार होतं म्हणे. पीक आलं की प्रत्येक घरानं त्यात भात घालायचा. अडल्यानडल्याला द्यायला म्हणून. कोणी जबरदस्ती करत नसे, लोक आपखुशीनं घालत. कोठार उघडायचं, वाटायचं, शिजवायचं, हे काम गावचे मानकरी करत, तेही फुकट, देवीची सेवा म्हणून. म्हणजे तुमच्यासारखीच संस्था म्हणा. फरक एवढाच की कोठार किंवा देऊळ परक्यासाठी उघडायचं तर देवीचा कौल घ्यायचा.

कौल म्हणजे काय ते सांगतो. झाडाच्या कोवळ्या पानांचे तुकडे पाण्यात भिजवून गुरव ते देवीच्या दगडी मूर्तीवर चिकटवतो, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. मग हात जोडून बसायचं. पान सुकतं आणि खाली पडतं. उजवं आधी पडलं तर देवी हो म्हणाली, डावं पडलं तर नाही. पेरणी, लग्न, भांडण, सगळं आजही आम्ही कौलावर ठरवतो. मी स्वतः लावतो. हसू नका.

एका कार्तिकात वादळ आलं. भात कापून झाला होता, आभाळ मोकळं होतं, कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सकाळी समुद्र मागे गेला आणि मग तो दांड्यावर आला, असं सांगतात. होड्या माडांत अडकल्या. चाळीसेक माणसं तेवढी वाचली आणि हाती लागेल ते धरून डोंगर चढून वर आली. त्यांत तानी सुईण होती. सत्तरीच्या पुढची, गुडघे गेलेले. तिच्या सुनेनं, भागूनं, तिला पाठीवर घेऊन आणली.

ही तानी दांड्याची, पण बाळंतपणं करायची ती दोन्हीकडची. सड्यावर कोणाच्याही घरी बाई अडली की माणूस धावत खाली जायचा आणि तानी चढ चढून वर यायची. सांगतात की त्या वेळी गावात जे कर्ते पुरुष होते, त्यांतले निम्मे तिच्या हातांत जन्मलेले. त्यांच्या घरांत मात्र ती ओसरीच्या आत कधी बसली नाही. बाळंतिणीची खोली तेवढी तिला मोकळी असायची, कारण त्या खोलीत तिच्यावाचून चालत नव्हतं.

वादळ सुरू झाल्याबरोबर मानकरी देवळात जमले होते. त्यांतला मुख्य धाकोजी. पूजेला आमचा पूर्वज रवळू गुरव. फणसाची दोन जाड दारं आतून लावून अडसर घातलेला. दांड्याची माणसं अंगणात येऊन पोचली आणि दारावर थापा मारू लागली. धाकोजी आतून म्हणाला, "देवीचो कौल जाल्याबिगर दार उघडूचा नाय."

मी लहानपणापासून ही गोष्ट ऐकतोय आणि दर वेळी या वाक्याशी माझं डोकं फिरतं. नियम होता, हे खरं. नियम सोयीचा होता, हेही खरं. गाबीत देवळात येऊन ओल्या अंगानं बसणार, ही कल्पनाच आतल्या कोणाला सोसत नव्हती. पण तसं तोंडानं म्हणायची लाज वाटते, म्हणून माणूस देवीला पुढे करतो.

रवळूनं पानं भिजवली, चिकटवली, हात जोडले. सगळे बसले. आणि तिथे त्यांची अक्कल किती चालली बघा. पिढ्यान्‌पिढ्या कौल लावणारी माणसं ती. बाहेर धो धो पाऊस, वाऱ्यानं कौलांतून उडणारे तुषार, भिंतींना पाझर, मूर्ती घामेजलेली. अशा हवेत ओलं पान सुकणार कसं आणि पडणार कसं. हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. किंवा आलं आणि गप्प बसले. दोन्ही पानं देवीच्या खांद्यांना चिकटून राहिली आणि आतले लोक म्हणत राहिले, देवी अजून काही बोलत नाही.

दुपार झाली. बाहेर आडोसा नव्हता. बाया पोरांना पोटाशी धरून भिंतीला टेकल्या होत्या. भागूनं सासूला दाराशी नेऊन बसवलं, कारण वर चौकटीचा वीतभर दगड पुढे आलेला होता. तानी दाराला पाठ लावून बसली. तिला आतली कुजबुज ऐकू येत असावी. मग तिनं फटीला तोंड लावून बोलायला सुरुवात केली, असं सांगतात. रडत नव्हती, विनवत नव्हती. एकेकाचं नाव घेत होती.

"धाकोजी, तू पायाळू इलस. पयलो पाय माज्या हातार ठेवलस."

मग पुढचं नाव.

"रवळू, तू निळोकाळो इलस. पाठीर मारून मारून तुका रडवलंय मी."

असं करत तिनं आतल्या सगळ्यांचे जन्म सांगितले. कोणाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता, कोणाच्या आईला दोन दिवस कळा होत्या, मुलगा झाला म्हणून कोणाचा बाप नाचला. सात मानकरी आणि एक गुरव. एकदाही चुकली नाही. शेवटी म्हणाली, "तुमका भायर काढताना मी कोणाक इचारूक गेलंय नाय."

तेव्हाही रवळू उठला नाही. अडसर त्याच्यापासून चार पावलांवर होता. माझ्याच रक्ताचा माणूस, म्हणून अधिक काही बोलत नाही. त्याची नजर देवीच्या खांद्यावर होती आणि तो घामानं भिजला होता, एवढं आमच्या घरात सांगतात.

तानीचा आवाज थांबला. मग वाराही थांबला. पश्चिमेकडून ऊन आलं, कौलांच्या भोकातून एक कवडसा आत पडला आणि थोड्या वेळानं उजव्या खांद्यावरचं पान सुटून खाली आलं. धाकोजी म्हणे मोठ्यानं म्हणाला, देवी पावली. रवळूनं धावत जाऊन अडसर काढला. दारं आत उघडणारी. ती उघडली तशी तानी पाठमोरीच आत आली आणि तिचं डोकं उंबऱ्याच्या आतल्या फरशीवर आपटलं. ती मघाशीच गेली होती.

मानकऱ्यांची धावपळ उडाली. कोठार उघडलं, चुली पेटवल्या, घराघरांतून धडुती आली, नारळ आले. आता कशालाच कमी नव्हतं. अंगणात पानं मांडली आणि वाफाळता भात वाढला. दांड्याचं एकही माणूस पानावर बसलं नाही. पोरं भाताकडे बघत होती, पण आयांनी त्यांचे दंड धरले होते.

धाकोजी भागूपुढे गेला आणि हात जोडून म्हणाला, देवीनं कौल दिला, आता जेवून घ्या. भागूनं त्याच्याकडे पाहिलं. म्हणाली, "देवीन होय म्हटल्यान. तुमी कधी म्हणतलास?"

 त्यानं विचारलं, तुला काय हवं ते सांग. तिनं दाराकडे बोट दाखवलं. "माका हीच लाकडा होयी."

चितेला पुरेल एवढं दुसरं कोरडं लाकूड सगळ्या सड्यावर नव्हतं, हेही खरंच होतं. दारं वरून भिजली होती, पण आतला गाभा खडखडीत. रवळूनं स्वतः कुऱ्हाड आणली. कोणी अडवलं नाही. देवीच्या दारांवर तानीला जाळलं, तिथे खाली, सडा उतरतो त्या कातळावर. चिता विझेपर्यंत गावचे सातही मानकरी उभे होते आणि त्यांना कोणी बसा म्हटलं नाही.

त्यानंतर गावानं शपथ घेतली. देवळाला दार लावायचं नाही. दारात आलेल्या माणसासाठी कौल लावायचा नाही. वादळाची वर्दी आली की गुरवाच्या घरातल्या थोरल्यानं उंबऱ्याबाहेर, पावसात बसायचं आणि दांड्याचं शेवटचं माणूस आत जाईपर्यंत स्वतः आत जायचं नाही. परवाच्या वादळात मी बसलो होतो. चार तास. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, मुलगी फोनवर ओरडत होती. मी बसलो. यात मोठेपणा काही नाही, तुमच्यातल्या त्या पोरीनं आज ते ऐकून माझा फोटो काढला तो तिनं पुसून टाकावा.

आणि तुम्ही मघापासून विचारताय की दांड्याची माणसं देवळात एवढी निवांत झोपतात, मग अंगणात वेगळी चूल का मांडतात, आमचं जेवण का घेत नाहीत. तुमचं घेतील, तुमचं त्यांच्याशी वैर नाही. आमचं घेत नाहीत. किती पिढ्या झाल्या कोण जाणे. शाळा एक झाली, मतदान एक झालं, दोन-तीन लग्नंसुद्धा झाली, पण वादळातला भात त्यांनी कधी घेतला नाही.

तरी आजही आम्ही तो शिजवतो. वादळ आलं की सड्यावरचं प्रत्येक घर भात घेऊन येतं, पानं मांडतं, आणि आम्ही हात जोडून जेवायला बसा म्हणतो. दांड्यावरची त्या वेळची सर्वांत वयस्क बाई पुढे येते. परवा शेवंताबाई आली होती, माझ्याच वयाची, आम्ही एका वर्गात होतो. ती पानाकडे बघते, मग आमच्याकडे बघते आणि, आता आम्ही कौल लावत नाही हे ठाऊक असूनही, एकच विचारते, "देवीक इचारलास?"

आम्ही मान खाली घालतो. ती आपल्या चुलीकडे जाते.